यादीत नसलेली खाट

रचना पगारेच्या हातात ऑर्डर पडली ती एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. ठाण्यातल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये सहा वर्षं कंत्राटावर काम केल्यावर तिला अकोल्याला सरकारी नोकरी लागली होती. बावीस मेपर्यंत हजर व्हायचं होतं. एकतीस वर्षांची रचना कल्याण सोडून कुठे राहिली नव्हती. कोळसेवाडीतल्या भाड्याच्या घरात ती आणि तिचे वडील शिवराम, दोघंच असत. आई मंजुळा तीन वर्षांपूर्वी गेली. मोठा भाऊ सम्यक बायको वैशाली आणि लहान मुलीबरोबर ठाण्यात, नौपाड्यात राहायचा.

घराचा करार मेअखेर संपत होता. त्यामुळे नवा करार करायचा नाही, घर सोडायचं, एवढं पहिल्याच रविवारी ठरलं. अर्धं सामान अकोल्याला आणि जे तिथे लागणार नाही ते ठाण्याला. रचनाने दोनशे पानी वही घेतली आणि एका पानावर 'अकोला' लिहिलं, समोरच्या पानावर 'ठाणे'.

तिच्याकडे साठवलेले एक लाख पंचवीस हजार होते. सरकारी नोकरीत नव्या माणसाचा पहिला पगार निघायला दोन-तीन महिने लागतात, असं तिच्या आधी लागलेल्या मैत्रिणीने सांगितलेलं. म्हणजे सामानाचं भाडं, घराचं डिपॉझिट, एजंट, तिकडच्या उन्हात कूलर, शिवाय तीन महिन्यांचं खाणंपिणं, सगळं यातच बसवायचं. तिने अकोल्यात एक खोली बघून ठेवली. भाडं चार हजार.

शिवराम पगारे अडुसष्ट वर्षांचे. रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी हे काम असं अंगावर घेतलं, की बघणाऱ्याला वाटावं यांचीच बदली झालीय. रोज सकाळी टोपी घालून बाहेर पडायचे आणि पॅकर्स-मूव्हर्सवाल्यांच्या ऑफिसात जाऊन बसायचे.

"तो स्टेशनजवळचा सव्वीस हजार म्हणतो," ते दुपारी येऊन सांगायचे. "पण त्यात हमाली नाही. तिसरा मजला, लिफ्ट नाही, त्याचे वेगळे. मी म्हटलं, बाबा रे, टोल, हमाली, जीएसटी सगळं धरून एकच आकडा सांग. तर गप्पच बसला."

"मग?"

"मग पत्रीपुलाकडची एक बाई आहे, शालू म्हणून. ती नीट बोलते. एकाच ट्रकमध्ये दोन-तीन घरांचं सामान टाकतात ना, तसं केलं तर एकवीस. एखादा दिवस उशीर होईल म्हणाली. ठाण्याचा टेम्पो साडेपाच वेगळा."

रचना आकडे लिहून घ्यायची. पाच हजार वाचले म्हणून तिला बरं वाटायचं, आणि लगेच कुठेतरी खुपायचंही. आपण जाणार म्हणून पप्पांना जराही काही वाटत नाहीये? उलट इतका उत्साह? मग ती स्वतःची समजूत घालायची. नात आहे ठाण्याला. तिच्याजवळ राहायला मिळणार म्हणून खूश असतील. त्यात चूक काय?

अकोल्याला येता का, हे तिने त्यांना विचारलं नव्हतं. एकदाही नाही. आईच्या आजारपणात चार वर्षं त्यांनी तिचं सगळं केलेलं. आता त्यांना त्यांचे मित्र, विहारातली माणसं, सकाळचा कट्टा लाभू दे. विचारलं तर ते नक्की 'येतो' म्हणतील, आणि ते मनापासून म्हणाले की आपल्या काळजीने, हे आपल्याला कधीच कळणार नाही, असं तिला वाटायचं.

शालूताई सामान बघायला गुरुवारी आली. चाळिशीची, जाडसर चष्म्याची बाई. एका हातात पॅड, दुसऱ्या हातात रंगीत स्टिकरची गुंडाळी. जिना चढून आल्यावर पाणी पिऊन तिने कामाला हातच घातला. "लाल अकोला, पिवळा ठाणे. तुम्ही बोलायचं, मी चिकटवणार."

फ्रिज लाल. मिक्सर लाल. लोखंडी कपाट पिवळं. आईचं शिलाई मशीन कुठे, यावर रचना क्षणभर अडखळली. "लाल," ती म्हणाली. "मी शिकेन." शिवराम आत चहा टाकत होते, तिथूनच ओरडले, "त्याला फोमची शीट लावा हो, पट्ट्याचं चाक नाजूक आहे."

मग शालूताई खिडकीखालच्या खाटेपाशी आली. शिवरामांनी वर्कशॉपची पाळी सुटल्यावर शेजारच्या वेल्डरकडे बसून स्वतः बनवलेली घडीची लोखंडी खाट. पंचवीस वर्षं ते तिच्यावरच झोपत आले होते.

"ही?"

"ठाणे," रचना म्हणाली.

शालूताईने पॅडवरचं पान उलटलं, परत पालटलं. "ही यादीतच नाही, ताई. ना अकोल्याच्या, ना ठाण्याच्या. काकांनी मला दोन्ही याद्या लिहून दिल्यात, हे बघा."

रचनाने कागद घेतला. वडिलांचं टपोरं, सरळ अक्षर. तिच्या चपलांचा स्टँडसुद्धा होता त्यात. पण खाट नव्हती. त्यांची ट्रंक नव्हती. रेडिओ नव्हता, कपडे नव्हते. दोन घरांच्या दोन पानांवर शिवराम पगारे नावाच्या माणसाचा एक चमचाही नव्हता.

तिने तिथूनच सम्यकला फोन लावला. "दादा, पप्पांची खाट तुझ्याकडेच ना?"

"माझ्याकडे?" सम्यक गोंधळला. "अगं, ते तुझ्याबरोबर चाललेत ना? मला वाटलं, नेहमी तुझ्याजवळच असतात तर..."

"तुला कोण बोललं?"

"कोणीच नाही. तुला कोण बोललं ते ठाण्याला येतायत म्हणून?"

रचनाने फोन खाली घेतला. शिवराम चहाचा ट्रे घेऊन दारात उभे होते.

"ती खाट राहू दे," ते शांतपणे म्हणाले. "ती कल्याणातच राहणार. कट्ट्यावरच्या महिपतच्या घराशेजारी एक खोली घेतलीय मी. तीन हजार भाडं. पेन्शनमध्ये आरामात बसतं. टोकनही देऊन आलोय."

शालूताईने दोघांकडे पाहिलं. ट्रेमधला एक कप उचलला आणि म्हणाली, "मला खाली जिना मोजायचाय. कपाट वळतं का बघते. वेळ लागेल जरा." आणि चहासकट गेली.

"पप्पा, तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"काय सांगायचं त्यात? तुझं गणित आधीच घट्ट बसलेलं. एक खोली, एका माणसाचं तीन महिन्यांचं खाणं. मी ती वही पाहिली ना. माझ्यासाठी रकाना नव्हता."

"मला वाटलं तुम्ही दादाकडे..."

"आणि दादाच्या घरी जागा किती? हॉलमध्ये झोपलो की त्यांनी टीव्ही कधी बघायचा, बोलायचं कधी?" शिवराम खाटेवर बसले. "माझी तक्रार नाही, रचू. खरंच नाही. तू पहिल्यांदा स्वतःचं घर मांडतेयस. त्यात म्हातारा कशाला?"

"म्हातारा कशाला, हे तुम्हीच ठरवलंत. मला विचारलंत?"

"तू मला विचारलंस?"

रचना रडायलाच लागली. तिला स्वतःचाच राग आला होता. महिनाभर तिने टोलपासून कूलरच्या स्टँडपर्यंत शंभर गोष्टी विचारल्या होत्या. ही एक सोडून.

"विचारते आता," ती नाक पुसत म्हणाली. "पण खरं सांगायचं. माझ्यासाठी म्हणून 'हो' नको, माझ्या पैशांसाठी म्हणून 'नाही' नको. तुम्हाला काय पाहिजे?"

हा प्रश्न शिवरामांना गेल्या कित्येक वर्षांत कुणी केला नसावा. त्यांनी चहा संपवला.

"दीक्षाभूमीला चार वेळा गेलो," ते हळूच म्हणाले. "जाताना चारही वेळा अकोला झोपेत गेलं. आख्खा जन्म गाड्यांच्या डब्यांची चाकं बसवली मी. डबे कुठे कुठे फिरून आले. मी काय, वर्कशॉप ते घर. मला बघायचंय गं दुसरं गाव. राहून बघायचंय."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"तू बोलावलं नाहीस, मी कसा येऊ?"

संध्याकाळी सम्यक आणि वैशाली ठाण्याहून आले ते तावातावानेच. नौपाड्यातल्या एका दातांच्या दवाखान्यात काम करणारी वैशाली अर्धा दिवस रजा टाकून आली होती. तिने पर्समधून एक कागद काढून सासऱ्यांपुढे ठेवला. हॉलचा नकाशा होता, फुटा-इंचांसकट.

"हे बघा पप्पा. सोफा इकडे सरकवला की तुमची खाट बरोबर बसते. दोन आठवड्यांपूर्वी टेपने मोजून ठेवलंय मी. आणि हा माणूस," तिने सम्यककडे बोट केलं, "मला आज सांगतो की पप्पा अकोल्याला चाललेत असं त्याला वाटलेलं!"

"अगं, तूही मला बोलली नाहीस मोजलंस ते," सम्यक पुटपुटला.

"सरप्राइज होतं!"

शिवरामांनी तो नकाशा हातात घेतला. चष्मा कपाळावर चढवून बारकाईने पाहिला. खिडकीकडच्या चौकोनात वैशालीने 'पप्पा' असं लिहिलं होतं. "दार उघडताना पायथा लागेल," ते म्हणाले. "चार इंच कमी पडतायत." आणि तो कागद घडी करून त्यांनी खिशात ठेवला.

मग चौघंही वहीभोवती बसले. दिवाळीपर्यंत पप्पा खाटेसकट अकोल्याला, दिवाळीत ठाण्याला, पुढचं तेव्हा. एका खोलीऐवजी दोन खोल्या घ्यायच्या, भाडं साडेसहा. महिन्याला अडीच हजार जास्त, ते पेन्शनमधून, असं शिवरामांनी ठणकावून सांगितलं आणि रचनाने वाद घातला नाही. वॉशिंग मशीनची खरेदी पुढे ढकलली. ठाण्याचा टेम्पो रद्द. कपाट सम्यक मित्राच्या गाडीतून नेणार. महिपतच्या शेजारच्या खोलीमालकाने टोकनच्या तीन हजारांतले दोन परत द्यायचं फोनवर कबूल केलं, एक बुडाला. सम्यकने वहीत तो खर्च लिहिला, 'पप्पांचा गुपचूपपणा, हजार रुपये', आणि सगळे हसले. सगळ्यात जास्त शिवराम.

शिवराम त्या मालकाकडून पैसे आणायला गेले तेव्हा महिपत त्यांच्यावर चांगलाच बिघडला. "खोली झाडून ठेवलेली मी," तो म्हणाला. पण चौदा मेला सामान उतरवायला सकाळी सातला तोच सगळ्यांत आधी जिन्यात उभा होता, पंचा कमरेला बांधून.

ट्रक अकोल्याला दोन दिवसांत यायचा, तीन दिवस लागले. तोवर बापलेक रिकाम्या घरात चादरींवर झोपले, खालच्या मालकिणीने दिलेल्या तांब्यातून पाणी प्यायले. ऊन असं की दुपारी भिंतीला हात लावता येत नव्हता. कूलर ठरवलेल्या पैशांत मिळाला नाही, अकराशे जास्त गेले. शिवरामांनी गल्लीत फिरून दोन दिवसांत दूधवाला, गिरणी आणि जवळचा विहार शोधून काढला.

वीस मेला रचना हजर व्हायला गेली. कागदपत्रांची फाईल शिवरामांनी धरलेली. ऑफिसातल्या क्लार्कने तिला एक फॉर्म भरायला दिला. शेवटी एक रकाना होता, सोबत राहणाऱ्या कुटुंबीयांचा. तिने वडिलांचं नाव लिहिलं.

"जन्मतारीख?" क्लार्कने विचारलं.

"एक जून," दारातून शिवराम म्हणाले.

"खरी की मास्तरांनी लिहिलेली?"

"मास्तरांनी. खरी कुणाला माहितीय?"

"माझ्या वडिलांची पण तीच," क्लार्क हसला. "आणि इथे कायम राहणार की तात्पुरते?"

रचनाने पेन उचललं, आणि थांबली. मग मागे वळून विचारलं, "पप्पा, काय लिहू?"

शिवरामांनी टोपीने वारा घेत खिडकीबाहेरच्या पांढऱ्याफटक उन्हाकडे पाहिलं.

"मे महिना काढू दे आधी," ते म्हणाले. "पावसाळा लागला की सांगतो."

"चालेल," क्लार्क म्हणाला, "नंतर भरा." आणि त्याने माठातल्या पाण्याचा ग्लास शिवरामांच्या हातात दिला.