चांदीचे हिरवे पाय

नारळ फोडला की खोबरं ताटात जातं आणि करवंटी चुलीत. मित्रांनो, त्या चुलीतून वाचलेली मी एक म्हातारी करवंटी. माझ्या बुडाशी नारळाचे तीन डोळे आहेत, तेव्हा मी सांगते ते पाहिलेलं आहे असं समजा.

माझा जन्म रोह्याचा. कुंडलिकेच्या काठी एका वाडीत मी माडावर वाढले. तिथून केरूने मला पिशवीत घालून पेणला आणलं. केरू मूळचा निडीचा, पण वर्षातले आठ-नऊ महिने तो पेणला महिपतीशेठच्या कारखान्यात गणपतीच्या मूर्ती रंगवायचा. त्या वर्षीच्या पहिल्या मूर्तीपुढे त्याने मला फोडलं. खोबरं सगळ्यांनी वाटून खाल्लं. मला मात्र त्याने बाजूला ठेवलं. काचेच्या तुकड्याने माझ्या शेंड्या खरवडल्या, पॉलिश पेपरने मला घासलं, मऊ डोळ्याच्या भोकात मेण भरलं, आणि मी रंगाची वाटी झाले.

तेव्हा तिथे बरेचसे रंग करवंट्यांतच कालवत. माझ्या वाट्याला काळा रंग आला. त्याला कमी समजू नका. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी काळ्यानेच होते आणि ती सगळ्यात शेवटी. केरू कुंचल्याचं टोक माझ्यात बुडवी, श्वास रोखून धरी, आणि मातीची मूर्ती एकदम समोर बघू लागे. लोक केरूच्या हाताचं कौतुक करत. माझं नाव कोणी घेत नसे, पण रोज संध्याकाळी केरू मला स्वतः धुऊन पालथी घाली. मला तेवढं पुरे होतं.

पुढे प्लॅस्टिकच्या वाट्या आल्या. रंग फवारायचं मशीन आलं. मी फळीवर पालथी पडले ती पडलेच. पाठीवर धुळीचा थर बसला. पोटात मात्र धूळ गेली नाही, आणि त्याचाच पुढे उपयोग झाला.

कारखान्यात चांदी नावाची पांढरी कुत्री होती. ती कोणाची नव्हती, पण केरूच्या डब्यातली अर्धी भाकरी तिची असे. एका वर्षी आषाढात तिला शाडूच्या पोत्यांमागे तीन पिल्लं झाली. त्यांचे डोळे अजून उघडले नव्हते. केरू येता-जाता डोकावून म्हणायचा, "यांची आखणी व्हायचीय अजून."

एके दिवशी केरू लाकडी चौरंगांना हिरवा ऑइलपेंट लावत होता. त्याने रंग जुन्या परातीत ओतला. तेवढ्यात चहा आला. परातीवर काही न झाकता तो उठला. बाहेरून चांदी भिजून धावत आली. तिला पिल्लांकडे जायचं होतं आणि वाटेत परात होती. तिचे ओले पाय घसरले आणि ती रंगात बसलीच. चारही पंजे हिरवे, पोट हिरवं. ती परातीबाहेर आली आणि तिने पंजाला जीभ लावली.

केरूने चहा ठेवून तिची मान धरली. पोत्यांमागे पिल्लं कुईकुई करत होती.

"बाहेर बांध तिला," महिपतीशेठ म्हणाले. "पाऊस धुईल."

"ऑइलपेंट हाय शेठ. पावसाला काय जुमानतोय."

रंगाऱ्यांचा एक शिरस्ता असतो. काम संपलं की हात रॉकेलने पुसायचे. केरूनेही सवयीने चिंधी रॉकेलमध्ये बुडवली आणि चांदीच्या पोटाकडे नेली.

"केरू, काय करतोस रे?"

आवाज धोंडुबाईचा होता. धोंडुबाई खाडीकडची. अर्धं आयुष्य तिने मिठागरात काढलं होतं आणि आता ती कारखान्यात शाडू मळायची. तिचे हात कोपरापर्यंत मातीचे होते.

"पुसतोय, मावशी."

"रॉकेलनं?"

"मग काय गुलाबपाण्यानं? वीस वर्षं मी हात रॉकेलनंच पुसतोय. मला काय झालंय?"

"तू हात चाटतोस काय?"

केरूने चिंधी मागे घेतली.

"ती चाटणार. आणि ती तीन पिल्लं तिच्या पोटालाच तोंड लावणार. तुझे हात दाखव बघू."

केरूने हात पुढे केले. बोटांच्या पेरांवर भेगा होत्या. त्या त्याने इतकी वर्षं पाहिल्याच नव्हत्या.

"हे तुझं राठ कातडं. तिच्या पोटाचं कसं असंल?" धोंडुबाई म्हणाली. "मिठागरात होडीचं डांबर माझ्या पायाला लागलेलं. मी शहाणी, रॉकेल चोळलं. वर खारं पाणी लागलं. आठ दिवस पाय टेकवला नाय. मग सासूनं सांगितलं, खोबरेल लाव. फेक ती चिंधी. हात धू साबणानं. खोबरेल हाय ना घरात, शेठ?"

"जेवणातलं आहे."

"तेच पायजे. आणि एक स्वच्छ भांडं द्या."

स्वच्छ भांडं कारखान्यात कुठून असणार? प्रत्येक वाटीला रंगाचा नाहीतर टर्पेंटाइनचा वास. केरूने इकडे तिकडे पाहिलं आणि त्याची नजर फळीवर आली. त्याने मला उचललं, धुतलं, पुसलं; माझ्यातला पाण्याचा काळा रंग केव्हाच निघून गेला होता. माझ्यात खोबरेल पडलं. खोबऱ्यापासून वेगळी झाल्यावर कितीतरी वर्षांनी ते मला तेल होऊन परत भेटत होतं.

मग जे झालं ते नीट ऐका. केरूने चांदीचं डोकं मांडीवर घेतलं आणि भाकरीचे तुकडे भरवत राहिला, म्हणजे ती चाटणार नाही. धोंडुबाईने आधी कोरड्या फडक्याने वरवरचा रंग टिपून घेतला, घासला नाही. मग माझ्यात बोटं बुडवून केसांत तेल जिरवलं. थोडा वेळ थांबली. रंग सुटू लागला तसा केसांच्या दिशेने पुसला. फडकं हिरवं झालं की दुसरं घेतलं. पोट झाल्यावर पंजे. बोटांच्या बेचक्यांतून, तळव्याच्या गाद्यांच्या फटींतून ती हळूहळू बोट फिरवत होती. दोन वेळा मी रिकामी झाले, दोन वेळा भरले.

पिल्लांचा आवाज वाढला. चांदी उठू पाहू लागली. केरूने पोत्यांकडे पाहिलं. "मावशी, जाऊ दे का तिला? भुकेली आहेत ती."

"आता सोडलीस तर एवढं केलेलं वाया. धर."

महिपतीशेठ दारात चुळबुळत होते. "उद्या गडब गावाला चाळीस मूर्ती जायच्यात, केरू."

"गणपती उभे राहतात शेठ," धोंडुबाई मान वर न करता म्हणाली. "पिल्लं राहत नाय."

शेठ वळून घरात गेले. मला वाटलं रागावले. ते कोमट पाण्याची बादली आणि नातीचा बाळसाबण घेऊन आले आणि स्वतःच तांब्याने पाणी ओतू लागले. तेल आणि रंग दोन्ही निघेपर्यंत दोनदा साबण, मग भरपूर पाणी, मग कोरडं पोतं.

एका पंजाच्या केसांत रंगाची गाठ राहिली. केरूने कात्री घेतली. धोंडुबाईने गाठीखाली फणी धरली, म्हणजे कात्री कातडीला लागणार नाही, आणि केसांची टोकं तेवढी कापायला सांगितली.

तेवढ्यावर ते थांबले नाहीत. जीभ लागली होती ना! केरू तिला पोत्यात गुंडाळून गुरांच्या दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरांनी जीभ पाहिली, पोट पाहिलं, असं त्याने परतल्यावर सांगितलं. रंगाचा डबा आणलाय का, असंही विचारलं. मग म्हणाले, "रॉकेल लावलं असतं तर कातडी भाजली असती आणि चाटून पोटात गेलं असतं. आता पाजू द्या पिल्लांना. उलटी झाली, लाळ गळली, मलूल दिसली, तर लगेच आणा."

चांदी परतली आणि पोत्यांमागे आडवी झाली. कुईकुई थांबली. केरू तिथेच जमिनीवर बसला. गडबच्या मूर्ती एक दिवस उशिरा गेल्या. कोणाचं काही अडलं नाही.

पाचव्या दिवशी पिल्लांचे डोळे उघडले. केरूने धोंडुबाईला हाक मारली. "मावशी, आखणी झाली गो."

आता केरू निडीला घरी असतो. त्याचा हात थरथरतो, डोळे आखता येत नाहीत. येताना त्याने कारखान्यातून एकच वस्तू मागून आणली, ती मी. माझ्यात खोबरेल असतं. रोज संध्याकाळी तो ते आपल्या पेरांना लावतो. अंगणात चांदीची लेक झोपलेली असते.

मित्रांनो, मुक्या जनावराला रंग लागला तर हाताशी असेल ते ओतू नका. आधी थांबा, त्याला चाटू देऊ नका, मोठ्यांना हाक मारा. आणि रंगाचा डबा उघडलात तर उठण्याआधी झाकण लावा. केरू अजून लावतो. त्याच्या खिडकीतला रंगाचा जुना डबा कधीच रिकामा झालाय, तरी लावतो.