माझी तेविसावी ओळ

मित्रांनो, मी तेवीस ओळींचा एक जुना प्रोग्राम आहे. तुम्हाला मित्र म्हणतो ते केवळ तशी पद्धत आहे म्हणून. एरवी समोरचा कुठून आला आणि कोणत्या पत्त्यावर निघाला, हे बघितल्याशिवाय मी कुणाशी ओळख ठेवत नाही.

माझा मुक्काम एका लहानशा कार्यालयाच्या सर्व्हरमध्ये. त्यातही अगदी आत, ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, ज्याला कर्नल म्हणतात. बाहेरून येणारा प्रत्येक निरोप आधी कर्नलच्या हातात पडतो आणि कर्नल तो योग्य त्या प्रोग्रामच्या खिडकीत नेऊन देतो. या खिडकीला सॉकेट म्हणतात. पूर्वी कर्नलचा नियम साधा होता. ज्यानं ज्या पत्त्यावर, ज्या पोर्टवर, म्हणजे त्या पत्त्यावरच्या ज्या क्रमांकाच्या दारावर खिडकी उघडली, तिथले निरोप त्याचे. कुणी ‘सगळे पत्ते माझेच’ म्हणून खिडकी उघडून बसला, तर बाकी कुणी न मागितलेलं सगळं त्याचं. नियम इतका साधा असला की त्याचा फायदा कोण घेणार, याचा अंदाज तुम्हाला आला असेल.

आमच्या सर्व्हरवर सात संस्थांचं काम चाले. त्यात एक रक्तपेढी होती, एक वाचनालय होतं, बाकीच्या पाचांची नावं मी सांगणार नाही, कारण तुम्हाला ती कशाला हवीत हे मला कळलेलं नाही. सातही जणांना एकच पोर्ट हवं होतं. पत्ते मात्र शेकड्यांनी होते आणि दर महिन्याला बदलत. कोणता पत्ता कुणाचा, हे प्रत्येक वेळी नव्यानं मांडत बसण्यापेक्षा दारातच कुणीतरी ठरवणारा बसवावा, म्हणून ताईंनी मला लिहिलं.

ताई म्हणजे कार्यालयातल्या एकमेव प्रोग्रामर. जिना उतरून खाली आल्यावर पुन्हा वर जाऊन कुलूप ओढून बघणाऱ्या. स्वभाव माझ्यात कुठून आला, ते वेगळं सांगायला नको.

माझा जन्मच संशयात झाला. कर्नलमध्ये बाहेरचं कुणी शिरायचं म्हटलं की दाराशी एक तपासनीस असतो. तो माझ्या प्रत्येक ओळीवरून चालून गेला. हा एकाच जागी गोल गोल फिरत तर बसणार नाही? दुसऱ्याच्या जागेत हात घालणार नाही? खाना रिकामा आहे का, हे आधी बघतो ना? तीन वेळा त्यानं मला परत पाठवलं. चौथ्यांदा घेतलं, तेही ‘सध्या आक्षेप नाही’ असं थंडपणे म्हणून. आता लक्षात ठेवा, माझ्यामुळे कर्नलला इजा होणार नाही एवढंच तो बघतो. मी शहाणा आहे की नाही, हे त्याच्या खात्यात येत नाही.

काम मला आवडलं. माझ्यासमोर सात खान्यांचा एक तक्ता होता. प्रत्येक खान्यात एका संस्थेची खिडकी. या खिडक्यांवर बाहेरचा पत्ता नसे, त्यामुळे मी दाखवल्याशिवाय कर्नलला त्या सापडत नसत. नवा पाहुणा आला की मी त्याला हवा असलेला पत्ता बघायचा आणि कोणत्या खिडकीत जायचं ते सांगायचं. रक्तपेढीचा खाना चौथा. आणि कोण, कुठून, कुणाकडे आलं, याची मी एका यादीत नोंद करी. तसं करायला मला ताईंनीच शिकवलं होतं. जावईबापू म्हणाले होते, “ही यादी कशाला? जागा अडते.” ताई म्हणाल्या, “अडू दे.”

जावईबापू हे मालकांचे जावई, म्हणून व्यवस्थापक. माणूस वाईट नाही. पण कुठेही काही बंद दिसलं की त्यांना अपमान वाटे. माझी तेविसावी ओळ त्यांच्यामुळे आली.

प्रश्न असा होता, की एखादा खाना रिकामाच निघाला तर मी काय करायचं? ताईंचं मत, पाहुण्याला सरळ परत पाठवायचं.

“अहो, दार बंद दिसलं की गिऱ्हाईक पुन्हा फिरकत नाही,” जावईबापू म्हणाले. “जाऊ द्या म्हणावं. कर्नल बघून घेईल.”

“कर्नल कुणाकडे नेईल, याची खात्री कुणी द्यायची?”

“ताई, तुम्ही स्वतःच्या सावलीवर तरी विश्वास ठेवता का?”

ताई हसल्या आणि ओळ घातली. खाना रिकामा असेल तर माझं काही म्हणणं नाही, नेहमीच्या नियमानं जाऊ द्या. बावीस ओळी मी जगावर संशय घेत होतो. तेविसाव्या ओळीत जगाला मोकळं सोडत होतो.

चार वर्षं बरी गेली. सुरुवातीला माझं कौतुक झालं. पाहुण्यांना कार्यालय दाखवताना जावईबापू सर्व्हरच्या कपाटाकडे बोट करून ‘आतमध्ये आमचा एक हुशार माणूस बसलाय’ असं सांगत. नंतर माझं नाव निघेनासं झालं. जो बिनतक्रार काम करतो, तो काम करतो हेच लोक विसरतात. माझ्या धंद्यात त्याहून वाईट म्हणजे, मी फक्त पहिली टकटक ऐकतो. एकदा खिडकी दाखवली, की पुढचं सारं बोलणं माझ्या डोक्यावरून परस्पर जातं. आणि पाकिटावरचा पत्ता तेवढा मला दिसतो, आतली चिठ्ठी नाही. तेव्हा पुढचं जे सांगतोय ते ताईंनी नंतर लिहिलेल्या अहवालातलं. त्यात फोनवरचं आणि कार्यालयातलं बोलणं शब्दशः आहे, कारण रक्तपेढीत आणि आमच्याकडे प्रत्येक फोन रेकॉर्ड होतो आणि बाकीच्यांचं बोलणं ताई समोरच टिपून घेतात.

त्या दिवशी ताई अर्ध्या रजेवर होत्या. सकाळी दहाला जावईबापूंनी रक्तपेढीचा प्रोग्राम बंद करून पुन्हा चालू केला. प्रोग्राम बंद झाला की त्याची खिडकी माझ्या तक्त्यातून आपोआप पुसली जाते. नवी खिडकी चौथ्या खान्यात कुणीतरी हातानं बसवावी लागते. ताईंनी दोन्ही पायऱ्या कागदावर लिहून स्क्रीनला चिकटवल्या होत्या. जावईबापूंनी पहिली केली. मग दुसरी करण्याआधी, सगळं ठीक आहे का ते बघावं म्हणून स्वतःच एक खोटी मागणी पाठवून बघितली. लगेच उत्तर आलं: ‘आपली मागणी मिळाली. धन्यवाद.’ चालतंय म्हटल्यावर दुसरी पायरी करायची गरज काय? त्यांनी ती केली नाही.

ते उत्तर रक्तपेढीचं नव्हतं. त्याच सर्व्हरवर सरावाचा एक प्रोग्राम दोन वर्षांपासून पडून होता. हॉस्पिटलांतल्या नव्या नर्सना मागणीचा फॉर्म भरायला शिकवण्यासाठी ताईंनी तो बनवला होता. येईल त्या मागणीला तो धन्यवाद म्हणे आणि ती फेकून देई. तो त्याच पोर्टवर ‘सगळे पत्ते माझेच’ म्हणून बसला होता. एरवी मी त्याच्या आधी निर्णय देत असल्यामुळे त्याच्याकडे कुणी पोचतच नसे. आज चौथा खाना रिकामा. मी रक्तपेढीच्या प्रत्येक पाहुण्याला म्हणत होतो, जाऊ द्या. आणि कर्नल प्रत्येकाला त्या गोडबोल्याकडे नेत होता.

दहा चाळीसला एका हॉस्पिटलातून टकटक झाली. मग तिथूनच साडेअकराला. मग बारा वाजून दहा मिनिटांनी. एका बसचालकाच्या पोटात रक्तस्राव होत होता. दोन वाजता ऑपरेशन ठरलं होतं आणि चार पिशव्या हातात आल्याशिवाय सर्जन चाकू उचलणार नव्हते. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी पत्ता बघितला, यादीत नोंद केली आणि तिन्ही वेळा जाऊ दिलं.

तिथल्या वॉर्डातल्या सिस्टरनं साडेबाराला रक्तपेढीत मागण्या बघणाऱ्या काकांना फोन लावला.

“काका, तीन मागण्या पाठवल्यात. पिशव्या कुठायत?”

“एकही आलेली नाही.”

“आली म्हणून उत्तर आलंय. धन्यवादसुद्धा म्हटलंय.”

“मी?”

“म्हणून तर फोन केला. तुम्ही आजवर ‘बघतो’च्या पुढे गेला नाहीत. आणि तेही वीस मिनिटांनी.”

“फोनवर रक्तगट घेता येत नाही, सिस्टर. नियम आहे.”

“ठाऊक आहे. कागद आणि नमुना घेऊन वॉर्डबॉय निघालाय. तुम्ही तपासणीची तयारी ठेवा. आणि बाकीच्यांच्या मागण्या कुठे गेल्या, तेही बघा.”

काकांचा फोन कार्यालयात आला तेव्हा ताई नुकत्याच येऊन टेकल्या होत्या. त्यांनी तक्ता उघडला, चौथा खाना रिकामा बघितला आणि खांद्यावरची पर्सही न काढता नवी खिडकी बसवली. मग माझी यादी काढली. फेकलेल्या मागण्या परत मिळणार नव्हत्या, पण कोण येऊन गेलं ते माझ्याकडे होतं. सकाळपासून आणखी दोन हॉस्पिटलं. ताईंनी एकेकाला फोन केला. एकाची गरज उद्याची होती. दुसरीकडे तातडीनं रक्त हवं असलेली एक बाळंतीण होती आणि तिथले डॉक्टर उत्तरावर विश्वास ठेवून निवांत बसले होते. त्यांचा माणूस पावणेदोनला रक्तपेढीत पोचला. बसचालकाच्या पिशव्या दोन वाजून पाच मिनिटांनी ऑपरेशनच्या खोलीत गेल्या. बसचालक आणि बाळंतीण, दोघंही वाचली.

मग दोष कुणाचा, हा विषय निघाला.

“आतला तो प्रोग्रामच काढून टाका,” जावईबापू म्हणाले. “कुणाला कळत नाही तो काय करतो.”

“त्यानं आपण सांगितलं तेच केलं,” ताई म्हणाल्या. “तेविसावी ओळ तुम्ही मागितली, मी लिहिली. सरावाचा प्रोग्राम सगळ्या पत्त्यांवर उघडा ठेवला, तो मीच.”

“मी तपासून बघितलं होतं, ताई. उत्तर आलं होतं.”

“आलं होतं. कुणाचं, ते विचारलंत?”

जावईबापूंनी अहवालावर सही केली, खोडाखोड न करता. याची नोंद मी मुद्दाम करतो, कारण तशी अपेक्षा मला नव्हती.

त्याच संध्याकाळी माझ्या जागी नवा प्रोग्राम आला. बावीस ओळी माझ्याच. तेविसावी मात्र, खाना रिकामा असेल तर परत पाठवा. अदलाबदल इतक्या सफाईनं झाली की दारात उभ्या पाहुण्यालाही कळलं नाही. सरावाचा प्रोग्राम बंद झाला. मला मात्र ताईंनी पुसलं नाही. कामावरून काढलं आणि कर्नलच्या एका कोपऱ्यात नाव लावून ठेवून दिलं. सर्व्हर पुढच्या वेळी बंद होऊन चालू झाला, की मी नसेन.

मित्रांनो, तोवर एक विनंती. ती सिस्टर अजूनही मागणी पाठवली की पाठोपाठ फोन करते. मिळाली का, कुणी घेतली, नाव काय. नवा प्रोग्राम चोख आहे, उत्तरं खरी येतात, तरी करते. परवा जावईबापू म्हणाले, “या बाईंना समजावून सांगा कुणीतरी, आता गरज नाही.” तसं समजावू नका. तिचा फोन आला की उचला, आणि आपलं नाव सांगा.