आत्यावरचा भार

रुग्णवाहिका बोलावण्याच्या सेवेसाठी क्लाउडवर क्लस्टर, म्हणजे एकत्र राबणाऱ्या मशिनींचा गट, उभारायचं काम ताईने घेतलं आणि मला हाताशी घेतलं, कारण घरात रिकामा मीच होतो. क्लस्टर आयता भाड्यानेही मिळतो. पण ताईला दुसऱ्याने लावलेलं कपाटसुद्धा चालत नाही. म्हणून आम्ही नुसत्या मशिनी घेतल्या, त्यांना आपसात बोलायला खाजगी नेटवर्क दिलं आणि गरजेपुरती दारं उघडी ठेवून बाकीची लावून घेतली.

मशिनींना नात्यांची नावं द्यायची ही आमची पद्धत. मुख्य मशीन स्वतः राबत नाही, फक्त कामं वाटते, ती सासूबाई. राबणारी ती आत्या.

सेवा सुरू झाली आणि जेवायच्या वेळी आतेबहिणीचा फोन आला. आमची खरी आत्या ताटावरून उठून विणायला बसली होती आणि थांबत नव्हती. स्वेटरला तिसरी बाही आली होती.

मी गंमत म्हणून आत्या मशीनची कामं थांबवली. फोनवर आतेबहीण म्हणाली, सुया थांबल्या, पण आईची पापणीही हलत नाहीये. इकडे रुग्णवाहिकेसाठी येणाऱ्या हाका अडकायला लागल्या. मी घाईघाईने कामं सुरू केली. तिकडे सुया सुरू झाल्या.

ताईने सासरी फोन लावला. सासूबाई खुर्चीत बसून सगळ्यांना कामं सांगत होत्या. त्यावरून काहीच सिद्ध होईना.

जोडलेल्या मशीनचं नाव बदलता येत नाही. तिला आधी बाहेर काढावं लागतं. ते करायला आमचा हात धजेना. मग भार वाटून घ्यायला दुसरी मशीन जोडली, नाव दिलं नुसतं ‘दोन’. ती जोडली गेली, ठणठणीत दिसली, पण सासूबाई मशीन तिला काम देईना. परक्या माणसाला स्वयंपाकघरात कोण घेतं?

आतेबहिणीचा पुन्हा फोन. लोकर संपली होती. आत्याची बोटं सुजली होती आणि ती पडद्याचे धागे ओढून विणत होती.

“नात्यातलंच कोणीतरी लागणार,” ताई म्हणाली. “माझं नाव घालते.”

“आणि तुला काही झालं तर हे सांभाळणार कोण? मी?”

तिने कीबोर्ड माझ्याकडे सरकवला. मला ओळखते ती.

मी नवी मशीन जोडली आणि नाव दिलं ‘धाकटा’, म्हणजे मीच. सासूबाईंनी क्षणात अर्धं काम तिच्या गळ्यात टाकलं. आतेबहिणीने कळवलं, आईने सुया खाली ठेवल्या, आडवी झाली, आता घोरतेय.

ताईने सुस्कारा सोडला. मग तिचं लक्ष माझ्या हातांकडे गेलं. टेबलावरची जास्तीची केबल घेऊन मी दोन पेनांवर टाके घालत होतो.

विणकाम मला येत नाही. पहिली बाही सुबक झाली आहे. कोणाच्या मापाची, ते अजून कळलेलं नाही.