लागलेली पाठ

खरं बोलावं असं सगळेच सांगतात. पण एकदा खोटं बोलून मोकळा झालेला माणूस पुढे खरं बोलायला गेला की त्याचं काय होतं, ते मला विचारा.

मी सरदार. दिग्रसला लग्नाची घोडी भाड्याने देण्याचा आमचा बापापासूनचा धंदा. खोगीरही बापाच्याच वेळचं, मखमलीचं, पितळी फुलांचं. ते गुलाब नावाच्या घोडीसाठी बनवलं होतं आणि गुलाबची पाठ पाटासारखी रुंद होती. गुलाब म्हातारी होऊन गेली. मग मी सुरंगी आणली. चालीला देखणी, पण अंगाने सडपातळ, आणि मान संपून पाठ सुरू होते तिथलं तिचं हाड चांगलंच उंच. रुंद पाठीचं खोगीर तिच्या अंगावर खाली बसलं आणि त्या हाडावर टेकलं. हाड आणि खोगीर यांच्यामध्ये दोन बोटं जायला हवीत, हे बापाने मला लहानपणीच शिकवलं होतं. इथे एकही जात नव्हतं. मग मी काय शहाणपणा करावा? खाली आणखी एक घोंगडी घातली. ती घोंगडी नेमकी हाडावर ताणून बसली आणि पावलापावलाला घासू लागली. लगीनसराईत तीन वराती झाल्या. तिसऱ्या वरातीनंतर तिथे सूज आली, हात लावला तर गरम. चार दिवसांत ती फुटली आणि पू वाहू लागला.

अगदी तेव्हाच उकंडाभाऊ माझ्या ओट्यावर येऊन बसले.

"जयभीम, सरदारभाई. येत्या बुधवारी आमच्या भीमराजचं लगन हाय. घोडी पाह्यजे."

त्यांचं गाव दिग्रसपासून तीन कोसांवर. त्यांच्या वस्तीतला नवरदेव आजवर गावातून पायीच निघाला होता, आणि चावडीपुढून तर वहाणा हातात घेऊन. आता त्या घरांनी धम्म घेतला होता, त्याला दीड वर्ष झालं होतं.

मी तोंड उघडलं. "उकंडाभाऊ, घोडीची पाठ..."

"लागली?" ते हसले. ते हसू मला आजही नको वाटतं. "मागच्या साली आमच्या बाबारावच्या लग्नाले बी पाठच लागली व्हती. अन् तिसऱ्या दिवशी पाटलाच्या पुतण्याले घेऊन नाचून राह्यली व्हती. म्या सोता पाह्यलं."

खोटं कशाला सांगू, तसंच झालं होतं. मागच्या साली उकंडाभाऊंच्या गावच्या पाटलांचा माणूस येऊन एवढंच म्हणाला होता, "सरदार, औंदाचा कडबा कुठून आणतोस?" कडबा त्यांच्याच खळ्यातून यायचा. मी लगेच समजलो आणि उकंडाभाऊंना सांगितलं, घोडीची पाठ लागली, खोगीर चढणार नाही. जिभेला हाड नसतं. घोडी तेव्हा धडधाकट होती. बाबाराव पायी गेला आणि चावडीवर बसलेले लोक हसले.

"काय म्हणत व्हता? पाठ?" उकंडाभाऊ माझ्याकडे बघत होते. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर मी भांडून तरी घेतलं असतं. हा माणूस पुन्हा तेच बोलणार, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

"पाठ खरारा करून चकचकीत ठेवतो, असं म्हणत व्हतो," मी म्हणालो.

"हां. पोरगा पायी नाई जाणार यंदा."

ते गेले आणि मी डोक्याला हात लावून बसलो. दिग्रसमध्ये दुसरी घोडी एकच, हिरासिंगची. मी त्याच्याकडे गेलो. तो म्हणाला, "त्याईच्या वरातीले? मी तुले पागल दिसून राह्यलो काय?" इकडे आड, तिकडे विहीर, आणि आडही मीच खणलेला.

माझ्या हातात आठ दिवस होते. असली जखम आठ दिवसांत भरत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. महिना-दीड महिना तरी पाठीवर काही चढवायचं नाही, केस पुन्हा उगवेपर्यंत खोगिराचं नाव काढायचं नाही, हीच त्याची रीत. तरी मी सकाळ-संध्याकाळ कडुलिंबाचा पाला उकळून त्या पाण्याने जखम धुतली. माश्या बसू नयेत म्हणून वर पातळ फडकं टाकलं. घोंगडी फेकून दिली. बापाच्या खोगिराची शिवण उसवली. मग पाठीच्या कण्याच्या दोन्ही अंगांना गवताच्या दोन लांब वळकट्या आतून शिवल्या, म्हणजे भार हाडावर न येता बाजूच्या मांसावर यावा. खोगिराखालचा लोकरीचा जाड नमदा जखमेच्या जागी गोल कापून टाकला. आता दोन बोटं आरामात जात होती.

पण रिकामं खोगीर काय कामाचं? मी अंगणाचं दार लावून घेतलं आणि बायकोला म्हटलं, "बस."

"मी? घोडीवर?" जैबुनबी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "तीस सालात बसवलं नाई, अन् आता?"

बडबड करत का होईना, बसली. दोन बोटांचं एक बोट झालं. सुरंगीने कान मागे टाकले. जैबुनबी झटकन खाली उतरली, तिने फडकं उचलून पाहिलं आणि तिचा आवाजच बदलला. "घोडीले बोलता येत नाई. तुमाले येते ना? मंग तुमी कायले गप्प?"

मी खोगीर उतरवू लागलो. भीमराज जिनिंगमध्ये कापसाच्या गासड्या उचलणारा गडी, जैबुनबीपेक्षा नक्कीच भारी. गावाचा फेरा पाव तासाचा, तेवढा निभेल, असं मी मनाशी म्हणत राहिलो. मला सुरंगीच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

बुधवारी सकाळी भीमराज पांढऱ्याशुभ्र कपड्यांत बसला. त्याची आई, रुखमाबाई, घोडीच्या पायांवर पाणी घालता घालता रडत होती आणि हसतही होती. बँड सुरू झाला. मी लगाम धरून हळूहळू चाललो. सपाट रस्त्यावर घोडी निभावून नेत होती. गल्ली वळली आणि समोर चावडी आली.

चावडीपुढे उतार होता. तो मला दिसत होता, नेहमीच दिसत होता, पण त्याचा विचार मी केला नव्हता. उतारावर खोगीर पुढे सरकतं. ते सरकलं आणि थेट हाडावर जाऊन बसलं. सुरंगी थांबली. बरोबर चावडीपुढे.

ओट्यावर दहा-बारा जण बसले होते. त्यातला एक म्हणाला, "काहून रे, उतरून राह्यला काय?"

भीमराज खाली वाकला. त्याच्या गुडघ्याजवळ पांढऱ्या कपड्यावर लाल ओल पसरत होती. "चाचा, रगत हाय हे," तो पुटपुटला आणि त्याने रिकिबीतून पाय काढला. पोरगा जनावराचा कळवळा असलेला. तो उतरणारच होता.

"उतरू नको," मी ओठ न हलवता म्हटलं. "इथं नाई. मागं सरकून बस."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग ओट्याकडे. मग पाय पुन्हा रिकिबीत घातला, ताठ झाला आणि मागे सरकला. मी लगाम ओढला. साठ पावलं असतील. त्या मुक्या जिवाने ती साठ पावलं टाकली, एकदाही उधळली नाही, फक्त तिची कातडी सारखी थरथरत होती. मी तिला ओढत होतो आणि स्वतःला शिव्या घालत होतो.

वळण गेलं आणि मी सांगायच्या आधीच भीमराजने उडी टाकली. मी पोटाखालचा तंग सोडून खोगीर उचललं, तर नमद्याबरोबर कातडीही आली. बँड थांबला. कोणीतरी अडवलं असं वाटून उकंडाभाऊ मुठी आवळत धावत आले आणि घोडीची पाठ बघून जागच्या जागी उभे राहिले.

"हे कवापासून?"

"तुमी आल्ते त्याच्या आधीपासून."

"मंग सांगतलं काहून नाई?"

आठ दिवस दाबून ठेवलेलं सगळं माझ्या तोंडातून बाहेर पडलं. "सांगतलं असतं तं मानलं असतं तुमी? मागच्या सालच्या नंतर? खरं सांगा!"

ते सुरंगीजवळ आले. मग म्हणाले, "नाई. बोलणं तं नसतंच मानलं." आणि त्यांनी तिच्या मानेवर हात ठेवला. "पण दाखवलं असतं तं पाह्यलं असतं ना, सरदार. येवढी जखम काय खोटी असते? तू मले घोडीपाशी नेलंच नाई."

माझ्या ओट्यापासून परसातला खुंटा वीस पावलांवर आहे. उकंडाभाऊ घोडी मागायला आले त्या दिवशी सुरंगी तिथेच बांधलेली होती.