व्याह्यांची कळ

लटारूभाऊ आणि पत्रूभाऊ हे व्याही. कुरखेड्याच्या लटारूची लेक धानोऱ्याला पत्रूच्या घरी दिलेली. तसं दोघांचं गूळपीठ, पण कुणाचं धान उंच, कुणाचा बैल तगडा, यावरून चढाओढ कायमची. दोघांनाही हर्निया निघाला, तेव्हा गडचिरोलीच्या दवाखान्यात ऑपरेशनंही एकाच सकाळी झाली.

भूल देणाऱ्या खुशबू मॅडमनी आदल्या दिवशीच सगळं समजावून दोघांची संमती घेतली होती. पाठीत सुई देऊन कमरेखालचं अंग बधिर करायचं. त्या औषधात आणखी एक औषध मिसळलं, की नंतरही बराच वेळ दुखत नाही. अशी दोन औषधं होती, आणि त्यांतलं कोणतं जास्त टिकतं ते मॅडम पडताळून पाहत होत्या. कुणाला कोणतं दिलं, हे खुद्द मॅडमनाही सांगितलेलं नव्हतं.

लटारूच्या डोक्यात एवढंच शिरलं, की दोघांपैकी एकाचं औषध भारी आहे.

दुपारी शेजारशेजारच्या खाटांवर दोघं पायाची बोटं हलतात का ते बघत पडले होते.

"इवाई, दुखून राह्यलं का?" पत्रूनं व्याह्याला विचारलं.

"कायचं दुखते! तुमाले?"

"मले त झोप येऊन राह्यली."

थोड्या वेळानं लटारूच्या टाक्यांशी बारीक कळ उठली. मग वाढतच गेली, कुणी विळ्याच्या टोकानं खरवडावं तशी. तेवढ्यात मॅडम आल्या.

"लटारूभाऊ, दुखतंय का?"

शेजारून पत्रूनं मान उचलली. लटारू हसला. "काईच नाई, बाई."

उशाशी बसलेली त्याची बायको आशाबाई उखडली. "बाई, हा मानूस खोटं बोलते! माहा हात पिरगाळून पिरगाळून लाल केला."

मॅडमनी त्याचं घामानं डबडबलेलं कपाळ पाहिलं. रागावल्या नाहीत, स्टूल ओढून बसल्या. "भाऊ, तुम्ही जे सांगाल त्यावरून पुढच्या माणसाचं औषध ठरणार. तुम्ही लपवलं, तर पाय मोडून आलेल्या एखाद्या बाईला लवकर उतरणारं औषध मिळेल. चालेल तुम्हाला?"

लटारूचा चेहरा पडला. त्यानं एकदा व्याह्याकडे पाहिलं. हरायचं तर हरू.

"दुखते, बाई. लय दुखते."

"मलेई!" पत्रू ओरडला. "याच्याहून आधीपासून!"

अख्खा वॉर्ड हसला. हे दोघंही हसले आणि टाके धरून विव्हळले. मॅडमनी लगेच दोघांना दुखणं थांबवायचं इंजेक्शन दिलं.

कळ ओसरल्यावर लटारूनं हळूच विचारलं, "मंग भारी औषध कोनाचं होतं, बाई?"

"सगळ्या पेशंटचं झाल्याशिवाय मलाही कळणार नाही."

"तवरीक आपलं दोघायचंई भारी," पत्रू म्हणाला.

व्याह्याचं म्हणणं लटारूनं जन्मात पहिल्यांदा मुकाट मान्य केलं, आणि आशाबाई त्याला चहा पाजायला उठली.