उलटी पाकळी

दातांच्या डॉक्टरांनी दवाखाना बंद केला तेव्हा त्यांच्याकडे आरमारी अधिकाऱ्यांच्या तेवीस जुन्या तलवारी होत्या आणि बोलायला फक्त बायको. तिला तलवारींचा मनस्वी कंटाळा. तासन्‌तास कौतुकाने ऐकून घेणारा एकच होता, मेहुणा, पण त्याने नऊ वर्षांपूर्वी येणं सोडलं होतं. कारण एकच, डॉक्टरांची जीभ.

मेहुण्याला हे वेड लावलं डॉक्टरांनीच. तो लोकांना मोटार चालवायला शिकवणारा साधा माणूस. त्याने भंगारवाल्याकडून एक तलवार पैदा केली आणि संग्राहकांच्या बैठकीत मिरवत घेऊन आला. सिंहाच्या तोंडाची मूठ, पात्यावर नांगर, सगळं जिथल्या तिथे. डॉक्टरांनी भिंग डोळ्याला लावलं आणि दोन मिनिटांत निकाल दिला. या तलवारींच्या मुठीला आतल्या अंगाने बिजागरीवर मिटणारी पितळी पाकळी असते, म्हणजे कमरेला लटकवल्यावर कोट घासत नाही. इथे ती भलत्याच बाजूला होती.

"नकली आहे," डॉक्टर म्हणाले. "करणाऱ्याने साचासुद्धा उलटा धरलाय. एवढंही दिसलं नाही तुला?"

सगळे हसले. मेहुणाही हसला, तलवार कापडात गुंडाळली आणि गेला तो गेलाच. रागावलाय, येईल चार दिवसांत, असं डॉक्टरांना वाटलं. आला नाही. बायको माहेरी एकटीच जाऊ लागली. विचारलं तर म्हणायची, "तुमचं तुम्ही निस्तरा."

गेल्या आठवड्यात डॉक्टरांच्या हाती आरमाराचे गणवेश शिवणाऱ्या एका जुन्या शिंप्याची मापांची वही लागली. कोणाची छाती किती, कोणाची तलवार किती लांब, हे चाळताना ते एका ओळीशी अडले: अधिकारी डावखुरा, तलवार उजव्या कमरेला, पाकळी दुसऱ्या बाजूला. ती ओळ त्यांनी तीनदा वाचली. आयुष्यभर डावखुऱ्यांच्या दाढा उपटल्या, पण डावखुरा माणूस आरमारातही जाऊ शकतो हे काही त्यांच्या टाळक्यात शिरलं नव्हतं. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते मेहुण्याच्या दारात हजर झाले. वाटेत माफीची चार वाक्यं घोकली होती, शिव्या खायची तयारी ठेवली होती. मेहुणा परसात झाडांना पाणी घालत होता.

"या भावोजी," तो गडबडून म्हणाला. "किती वाळलात."

"ती तलवार कुठाय?"

मेहुण्याने मान खाली घातली आणि घेवड्याच्या वेलाकडे बोट दाखवलं. पातं निम्मं मातीत, मुठीला सुतळी बांधून वेल वर चढवलेला. गंजाने पात्याची चाळण झाली होती, नांगर ओळखू येत नव्हता.

"तुमच्यासमोर यायची हिंमतच झाली नाही," तो म्हणाला. "तुम्ही एवढं शिकवलंत, आणि मी चारचौघांत नकली माल घेऊन उभा. माझ्यामुळे तुमची शोभा झाली."

नऊ वर्षं ज्याला डॉक्टर राग समजत होते ती लाज होती. खरं सांगितलं, तर स्वतःच्या हाताने काय मातीत घातलं ते त्याला कळणार. नाही सांगितलं, तर हा असाच मान खाली घालून जगणार. गप्प बसणं फार सोपं होतं. त्यांनी सगळं सांगून टाकलं, वही, डावखुरा अधिकारी, सगळं.

"तलवार अस्सल होती. चुकलो मी."

मेहुण्याने हातातली झारी खाली ठेवली.

"नक्की अस्सल?"

"शंभर टक्के."

"तुम्ही म्हणताय म्हणजे असणारच," तो म्हणाला आणि त्याचा चेहरा खुलला. "यातलं तुमच्याइतकं कळतं कोणाला? चला, आत चला, चहा टाकतो."

डॉक्टरांचा पाय उचलेना. याने दोन शिव्या हासडल्या असत्या तर किती बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं. मेहुणा मात्र केव्हाच पुढे जाऊन त्यांच्यासाठी दार उघडून उभा होता.