मिशाळला जगवताना

मिशाळइतका मूर्ख राजा मी दुसरा पाहिला नाही. दाराशी आमची अख्खी फौज उभी असली, तरी लांब टेकडीवर एखादी एकटी गाडी दिसली की हा पठ्ठ्या सगळे घोडेस्वार घेऊन तिच्यामागे सुटतो. गाडी मागे घेतली की हात हलवत परत येतो. पुन्हा पुढे सरकवली की पुन्हा धावतो. खेळ बनवणाऱ्यांनी त्याच्या डोक्यात एकच गोष्ट भरून ठेवली आहे: नकाशावर जे सगळ्यात दुबळं दिसेल, त्याच्यावर तुटून पड. आम्ही बहिणी याला 'मिशाळला फिरवणं' म्हणतो.

मिशाळ म्हणजे अर्थात कॉम्प्युटरच. आळीपाळीने चाली करायचा लढाईचा खेळ आहे हा. आपल्या गावांत धान्य पिकवायचं, तट बांधायचे, फौजा हलवायच्या. आपली चाल झाली की बाकीचे राजे त्यांच्या चाली करतात, आणि ते सगळे राजे कॉम्प्युटर चालवतो. याला लाल मिशा आहेत म्हणून हा मिशाळ. एक राणी होती, तिला जरा काही झालं की राग यायचा. ती फुगरी आत्या. तिच्याकडे आधी अख्खं गाव मागायचं. ती फणकाऱ्याने नाही म्हणाली की मग हळूच दोन घोडे मागायचे, ते लगेच मिळायचे. आणि मिशाळशी तर ताईने एकदा त्याच्याच राज्याचा नकाशा त्याला भेट देऊन तह केला होता. तो खूश! आम्ही इतक्या हसलो की आई आतून ओरडली, "दात काढणं पुरे झालं, अभ्यासाला बसा." आता मी दातांवरच पोट भरते, पण ते तेव्हा तिला कुठे माहीत होतं.

घरात कॉम्प्युटर एक आणि खुर्चीही एकच. ताई खुर्चीवर बसायची, मी खुर्चीच्या हातावर. सगळे निर्णय तिचे. तिने सगळं करून झालं की म्हणायची, "हं, बारके, दाब." मग मी 'चाल पूर्ण' ही कळ दाबायची. राज्यकारभारातला माझा वाटा एवढाच होता, पण त्या वेळी मला वाटायचं की माझ्याशिवाय हिचं पानसुद्धा हलत नाही.

ताई आता समुद्रापलीकडे एका बंदरात क्रेन चालवते. उंचावरच्या काचेच्या खोलीत एकटी बसून खालचे पोलादी खोके उचलायचे आणि जहाजावर रचायचे, हे तिचं काम. मी इथे दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवते. डॉक्टरांकडून तोंडाची मापं येतात, शेजारच्या टेबलावरचे काका त्यांत प्लॅस्टर ओतून साचे काढतात आणि मी त्या साच्यांवर मेणाच्या हिरड्या बसवून एकेक दात लावते. दिवसभर मी लोकांच्या हसण्याची सोय करत असते.

आई गेली तेव्हा ताईला येता आलं नाही. रजा मिळेपर्यंत, तिकीट मिळेपर्यंत इकडे सगळं उरकलं होतं. मग ती आलीच नाही. तू का आली नाहीस, असं मी तिला विचारलं नाही. कसं झालं, असं तिने मला विचारलं नाही. फोन व्हायचे, पण कसले फोन ते!

"जेवलीस का?"

"हो. तू?"

"हो. थंडी आहे का तिकडे?"

"आहे."

मग दोघी गप्प. मग मला एकदम गॅसवर काहीतरी ठेवल्याची आठवण व्हायची, गॅसवर काही नसताना. हळूहळू तेही फोन आटले. माणूस गेल्याचं दुःख असतं हे मला ठाऊक होतं. पण जिवंत बहीण अशी डोळ्यांदेखत हातातून सुटत जाते आणि आपण 'थंडी आहे का' विचारत बसतो, हे फार वाईट.

एक दिवस मेलवर नुसती एक फाइल आली. खाली एकच ओळ होती: 'उत्तरेकडचं राज्य तुझं. मिशाळपासून सांभाळ.' आमचा तोच जुना खेळ तिने कुठूनतरी शोधून काढला होता आणि आम्हा दोघींची दोस्त राज्यं मांडून पहिली चाल करून पाठवली होती. मी लॅपटॉपसमोर बसून चक्क रडले. नवरा घाबरून म्हणाला, "काय झालं?" मी म्हटलं, "मला राज्य मिळालं."

तेव्हापासून फाइल रोज येऊ लागली. आधी ताई चाल करणार, मग मी, मग राजे. एकीची राजधानी पडली की दोघी हरल्या, असा नियम. दोस्ताच्या फौजा आपल्याला दिसतात, पण दोस्त दुसऱ्या राजाशी काय बोलणी करतो, त्याला काय देतो, ते दिसत नाही. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण घोटाळा तिथेच झाला.

फाइलबरोबर एक ओळ असायची, तीही डावापुरतीच. 'पुलाशी घोडे ठेव.' 'तट उंच कर.' मी त्या एका ओळीवरून तिचा सगळा दिवस ओळखायला शिकले. ओळ तुटक असली की ती दमलेली. 'पुलाशी घोडे ठेव ग' असं आलं की दिवस बरा गेला. लॅबमधून घरी आले की चपला काढायच्या आधी मी मेल उघडायचे. नवरा म्हणायचा, "आधी पाणी तरी पी. राजे कुठे पळून जात नाहीत."

पण राजे पळत होते, हीच तर पंचाईत होती. आम्ही दोघी मिळून फारच चांगल्या खेळत होतो. कॉम्प्युटरची एकेक खोड आम्हाला पाठ. फुगरी आत्याला आम्ही रुसवून रुसवून तिचे सगळे मित्र तोडायला लावले आणि एकटी पाडून गुंडाळलं. समुद्राकाठचा राजा बंदरावर कधीच पहारा ठेवत नाही, त्याला मागच्या दाराने गाठलं. राहता राहिला मिशाळ. त्याच्याकडे दोन गावं उरली, आणि ताईची फौज त्यातल्या एकाच्या वेशीवर.

मिशाळ पडला की डाव संपला. डाव संपला की फाइल बंद. मग पुन्हा 'जेवलीस का?'

नवा डाव मांडायचा, त्यात काय एवढं, असं कुणीही म्हणेल. पण तो मांडू या म्हणायचं कुणी? मी म्हटलं आणि ती म्हणाली, 'बघू ग, सध्या काम फार आहे,' तर? एवढंसं वाक्य, पण त्याची मला इतकी धास्ती होती की त्यापेक्षा मिशाळला जगवणं सोपं वाटलं.

मग मी त्याला पोसायला घेतलं. पहिल्यांदा नुसतं धान्य दिलं. मग लोखंड कसं घडवायचं ते शिकवलं. ताईची फौज गावात शिरणार असं दिसलं की मी मुद्दाम टेकडीवर एक गाडी उभी करायची. मिशाळ तिच्यामागे धावायचा आणि ताईच्या तावडीतून सुटायचा. त्याला मारायला शिकलेली युक्ती मी त्याला वाचवायला वापरत होते. माझी स्वतःची फौज तर मी जहाजात घालून लांब पाठवून दिली. ताईला लिहिलं, 'दक्षिणेला बेट दिसतंय, बघून येते.'

तिचं उत्तर आलं, 'जा. घाई नाही.'

घाई नाही? ही बाई लहानपणी डाव रंगात आला की मला पाणी प्यायलाही उठू द्यायची नाही. दुसऱ्या दिवशी तिने लिहिलं, 'माझी माणसं दमली आहेत. डोंगरापलीकडे विश्रांतीला नेते.' कॉम्प्युटरमधली माणसं दमत नाहीत हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. मला वाटलं, हिचं मन उडालं खेळावरून. कंटाळली ही. केवळ माझं मन मोडू नये म्हणून चाल करते आणि पाठवते. त्या दिवशी कवळी लावताना मी एक सुळा चक्क उलट्या बाजूला बसवला. काकांनी तो माझ्यासमोर धरला आणि म्हणाले, "हा माणूस हसला तर लोक पळतील."

ताईचा कंटाळा वाढेल तसं मी मिशाळला आणखी देत गेले. निदान तिला थोडी झुंज तरी मिळावी, मजा यावी, खेळत राहावंसं वाटावं. आणि एका संध्याकाळी पाहते तर त्याच्या तटावर तोफा! मी त्याला लोखंड दिलं होतं, तोफा दिल्या नव्हत्या. मूर्खालाही कधीतरी अक्कल येत असेल, असं म्हणून मी माझी चाल केली. वास्तविक अक्कल मला यायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी फाइल सकाळीच आली, म्हणून मी लॅपटॉप लॅबमध्ये घेऊन गेले आणि जेवणाच्या सुट्टीत उघडला. खाली ओळ नव्हती. मी नेहमीप्रमाणे टेकडीवर गाडी ठेवली, थोडं धान्य मिशाळच्या पदरात घातलं आणि चाल पूर्ण केली.

मिशाळ निघाला. घोडे, तोफा, सगळा लवाजमा. टेकडीपाशी आला आणि गाडीकडे ढुंकूनही न बघता पुढे गेला. मला कळेना, याला झालं काय? मग मी नकाशाकडे नीट पाहिलं. माझी फौज बेटावर, ताईची डोंगरापलीकडे. अख्ख्या नकाशावर सगळ्यात दुबळं काय दिसत होतं? माझी राजधानी. दोन पहारेकरी, आणि त्याच्या नव्या तोफांपुढे तट त्या गाडीहूनही दुबळा. मिशाळ जन्मभर जे करत आला तेच त्याने केलं. तट पडला, लाल मिशांचा तो चेहरा पडदाभर आला आणि खाली अक्षरं उमटली: डाव संपला.

मी डबा तसाच झाकून ठेवला. आता पाठवायला फाइलसुद्धा नव्हती. मी ताईला लिहिलं, 'हरलो ग.' आणि कामाला बसले. समोरचे दात एकमेकांत मिसळायला लागले.

लगेच फोन वाजला.

"बारके, रडतेयस?"

"नाही."

"मग नाक कोण ओढतंय?"

"प्लॅस्टरची धूळ आहे."

"बरं, ऐक. रागावू नकोस. तो माझ्यामुळे माजला. मी त्याला तोफा शिकवल्या."

"काय?"

"तोफा. त्याआधी घोडे दिले. थोडे थोडे देत होते. मरायला टेकला होता ग तो. म्हटलं, राहू दे बिचाऱ्याला."

"बिचाऱ्याला?"

"बरं, बिचाऱ्यासाठी नाही."

माझ्या हातात कुणाचीतरी वरची कवळी होती. मी ती बघत राहिले. "ताई," मी म्हटलं, "लोखंड मी दिलं. धान्यही मीच देत होते. ते बेट... तिथे काही नाही. नुसते दगड आहेत."

मग ती अशी काही हसली की फोन कानापासून लांब धरावा लागला. "म्हणजे दोन्ही घरचं जेवत होता मेला!" मलाही हसू आवरेना. आम्ही त्या एका खुर्चीवर बसून हसायचो तशा हसलो, काका साचा हातात धरून माझ्याकडे बघत राहिले.

मग हसू ओसरलं, आणि तीच ती जुनी शांतता आली. मला ती चांगली ओळखीची होती. आता कुणीतरी जेवणाचं विचारणार. त्याआधीच मी बोलून टाकलं, "ताई, मला तुझी फार आठवण येते. रोज येते. मला त्या खेळात काडीचा रस नाही. फाइल आली की तू आहेस असं वाटतं, म्हणून खेळते."

"मी रोज लिहायचे, हा संपला की नवा मांडू म्हणून," ती म्हणाली. "आणि पाठवायच्या आधी खोडायचे."

"का?"

"तू नाही म्हणाली असतीस तर? मला वाटायचं, तुला माझा राग असेल. आईच्या वेळी मी आले नाही त्याचा."

"होता," मी म्हटलं. "अजून थोडा आहे. म्हणून काय आठवण येत नाही?"

तिने नाक ओढलं. तिच्याकडे प्लॅस्टरची धूळ नव्हती.

"मग मांडू या नवा?" मी विचारलं.

"मांडू. पण आज नको." तिचा आवाज एकदम लहान झाला. "बारके, आईचं कसं झालं? मी विचारलं नाही आणि मला कुणी सांगितलंच नाही. मी इथे बसून मनाने काहीबाही जुळवत असते."

"तुला काम नाही का?"

"कामावरच आहे. वारा फार आहे, म्हणून सगळ्या क्रेन थांबवल्यात. वर एकटीच बसलेय. तू सांग. अगदी सकाळपासून सांग, ती उठली तिथपासून."

मी कवळी खाली ठेवली, हात पुसले आणि स्टूल ओढून भिंतीकडे तोंड करून बसले. हे मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं, नवऱ्यालासुद्धा नाही.

"त्या दिवशी ती लवकर उठली," मी म्हटलं, "आणि मला हाक मारली. पण ताई, हाक मारताना तिने नाव तुझं घेतलं. मी 'ओ' दिली."